प्रगतीपत्रकावरची सही

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांत वर्षानुवर्षं 1 मे हा निकालाचा दिवस. सकाळी झेंडावंदन, मग वर्गशिक्षकांच्या हातून प्रगतीपत्रक, आणि मग दीड महिना सुट्टी. या सुट्टीत आईवडिलांनी एकदा निवांत बसून मुलाच्या वर्षाबद्दल बोलावं, असं मला फार वाटतं. बहुतेक घरांत ते बोलणं दोन वाक्यांत संपतं. "बरे आहेत गुण", नाहीतर "पुढच्या वर्षी क्लास लावू." मला ते लांबवायचं आहे.

पुढचे आईबाबा कल्पित आहेत. राहायला कोल्हापूरजवळ. तो शिरोलीच्या एमआयडीसीत इन्स्पेक्शनला, ती पोस्टात सेव्हिंगच्या काऊंटरवर. मुलगी मराठी शाळेतून चौथी पास झाली, आज मामाकडे गेली आहे. त्यांचे मुद्दे कुठल्याही पालकसभेत ऐकू येतील असे आहेत. मध्येमध्ये मी बोलणार आहे, कारण या वादात मला स्वतःचं मत आहे.

बाबा : मराठी अ-2, परिसर अभ्यास अ-1, इंग्रजी ब-1. गणित क-1. क-1 म्हणजे 51 ते 60 च्या मधलं. झालं, कमी कुठं पडतंय ते दिसलं की.

आई : काय दिसलं?

बाबा : गणित कच्चं आहे.

आई : गणितातलं काय कच्चं आहे?

बाबा : बाईंनी लिहिलंय बघ. "मूलभूत क्रियांचा अधिक सराव आवश्यक."

आई : तिसरीच्या पत्रकावर पण हेच वाक्य होतं. कुठली क्रिया? बेरीज, का भागाकार? सराव कसला? अहो, हे वाचून उद्या सकाळी आपण दोघांनी नेमकं काय करायचं ते सांगा मला.

बाबा : सराव करून घ्यायचा. रोज संध्याकाळी सात ते नऊ बसवायची. चौकात नवोदयची सुट्टीतली बॅच सुरू होतेय, तिथं नाव घालू. ती परीक्षा पाचवीत असताना देतात आणि एकदाच देता येते. कागलच्या नवोदयला 80 जागा, सगळ्या जिल्ह्यातली पोरं बसणार. दोन तासांत 80 प्रश्न, त्यातले 20 गणिताचे, 40 बुद्धिमत्तेचे. क-1 घेऊन तिथं काय करणार ती? शिवाय आता पाचवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाली तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर परत पाचवीच.

आई : दहा वर्षांची आहे ती.

बाबा : म्हणूनच म्हणतोय. पंधराव्या वर्षी कळून काय उपयोग? थोरल्या भावाचा पोरगा आठवीपर्यंत ढकलत आला. दर वर्षी पास. नववीत गेल्यावर कळलं, विज्ञानाच्या पुस्तकातला परिच्छेद त्याला धड वाचता येत नाही. आठ वर्षं घरात कुणाला पत्ता नाही. त्याला नापास न करून कुणी त्याचं भलं केलं?

या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही असं ठरवलं, ते मुलांच्या भल्यासाठीच. नापास झालेलं मूल शाळा सोडतं, आणि सोडणाऱ्यांत गरिबांची मुलं, विशेषतः मुली जास्त असतात, हा अनुभव त्यामागे होता. पण त्याच कायद्यात वर्षभर सातत्यानं मूल्यमापन करायचं कलमही होतं. मूल कुठं अडलं ते रोजच्या रोज बघायचं आणि तिथंच हात द्यायचा, ही त्या योजनेची निम्मी बाजू. महाराष्ट्रात 2010 पासून आकारिक आणि संकलित मूल्यमापन सुरू झालं. नापास न करण्याची अर्धी बाजू सगळीकडे अमलात आली. हात देण्याची अर्धी बाजू शिक्षकापरत्वे आणि शाळेपरत्वे बदलत राहिली. 2019 मध्ये कायदा बदलला, राज्यांना मोकळीक मिळाली, आणि 2023 मध्ये महाराष्ट्रानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. भावाच्या पोराबद्दल बाबा बोलतात ते दुखणं खरं आहे. परीक्षा परत आणल्यानं ते बरं होतं, असं मात्र मला वाटत नाही. परीक्षेनं ते उघडं पडतं, एवढंच.

आई : त्याचं भलं झालं नाही, मान्य. पण त्याला पाचवीत नापास केला असता, तर दुसऱ्या वर्षी तेच पुस्तक, तेच शिकवणं. वाचता का येत नाही, हे तेव्हा तरी कुणी विचारलं असतं का?

बाबा : निदान घरात तरी धक्का बसला असता.

आई : धक्का बसून घरात काय झालं असतं ते तुम्हालाही माहितीये. त्याला मार बसला असता.

बाबा : हे बघ, तू मोकळं सोडायला म्हणतेस. आम्हीही मोकळेच होतो. आमचे वडील इचलकरंजीत मागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. माझं प्रगतीपत्रक त्यांनी उघडून बघितलेलं मला आठवत नाही. सही करायचे. आमच्याबरोबर गल्लीतली जी पोरं मोकळी होती, त्यातली किती शिकली? मी डिप्लोमापर्यंत गेलो तो एका गुरुजींमुळं. शाळा सुटल्यावर देवळात बसवून तिसापर्यंत पाढे म्हणून घ्यायचे. चुकलं की पहिल्यापासून. पुस्तकांनी भरलेल्या घरातल्या पोराला मोकळं सोडलं तर ते पुस्तकाकडे जातं. आमच्यासारख्याला मोकळं सोडलं तर ते मागावर जातं.

आई : हे मी कधी खोटं म्हणाले का?

बाबा : म्हणाली नाहीस. पण तुझ्या बोलण्यात ते कुठं येतही नाही.

आई : मग माझंही ऐका. माझ्या काऊंटरवर रोज माणसं येतात. पैसे काढायचा फॉर्म पुढं सरकवतात आणि म्हणतात, ताई, तेवढं अक्षरी लिहून द्या. त्यात अडाणी थोडे असतात. दहावी झालेली, बारावी झालेली पोरं असतात. आकडा लिहितात, अक्षरात लिहायला घाबरतात. "खातेदाराची सही" कुठं आणि "रक्कम मिळाल्याची सही" कुठं, हे वाचून कळत नाही. यांनी परीक्षा दिल्याच की. कुणीतरी त्यांनाही सात ते नऊ बसवलंच असेल. मला माझी पोरगी बसलेली नकोय, तिला कळलेलं हवंय.

बाबा : बसल्याशिवाय कळतं?

आई : बसूनही नाही कळत, हे तर समोर दिसतंय. यंदा तुम्ही दिवाळीपासून बसवलंत. क-1 आला.

इथं बाबा गप्प झाले असते तर माझं काम सोपं झालं असतं. पण पालक असे गप्प होत नाहीत, आणि त्यांनी होऊ नये. "बसवण्या"मागं मुलाची काळजी असते. तिला खोडून काढून काही साधत नाही. ती कुठं वळवायची, एवढाच प्रश्न असतो. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात गृहपाठाची मर्यादा दिली आहे. दुसरीपर्यंत अजिबात नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला. आपल्याकडे कित्येक घरांत तेवढं एका संध्याकाळी होतं, आणि त्यातला बराच वेळ मूल पेन्सिलीला टोक करत आणि आईबाबा घड्याळ बघत घालवतात.

आई : थांबा, एक दाखवते. निकालाच्या वेळी बाईंना म्हटलं, गणिताचा पेपर बघू द्या. फोटो काढून आणलेत. हा बघा. 6352 वजा 2718. उत्तर 3634. बरोबर आहे का?

बाबा : बरोबर.

आई : हातचा दोनदा घ्यावा लागतो इथं. घेतलाय व्यवस्थित. आता हे. 4003 वजा 1578. हिनं लिहिलंय 3575. खाली 5006 वजा 2349. हिनं लिहिलंय 3343.

बाबा : दोन्ही चूक. घाई केली असणार.

आई : घाईनं केलेली चूक प्रत्येक वेळी वेगळी असते. ही दोन्ही नीट बघा. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून हिनं आठातून तीन घालवले, पाच लिहिले. शून्यातून सात जात नाहीत, सातच लिहिले. शून्यातून पाच जात नाहीत, पाच लिहिले. चारातून एक, तीन. दुसऱ्यात पण तेच. नवातून सहा, तीन. मग चार, मग तीन, मग पाचातून दोन.

बाबा : उलटी वजाबाकी करतेय.

आई : फक्त शून्य आलं की. शेजारी अंक असला की हातचा घेते, शेजारी शून्य असलं की घेत नाही. शून्याकडे देण्यासारखं काही नाही असं तिला वाटतंय, आणि त्याच्याही पलीकडे जाऊन मागायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही किंवा सांगितलेलं पोचलेलं नाही. अहो, अख्ख्या वजाबाकीत हिचं एवढंच अडलंय.

बाबा : आण इकडं.

फोटो मोठा करून ते बराच वेळ बघतात. अमेरिकेत जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्ये मुलांच्या वजाबाकीच्या चुकांवर काम केलं. त्यांना दिसलं ते हेच. पुष्कळ चुका आंधळ्या नसतात, मूल एक नियम पाळत असतं आणि तो नियमच चुकीचा असतो. अशा मुलाला आणखी शंभर वजाबाक्या घातल्या तर ते चुकीचा नियम शंभर वेळा गिरवतं. "अधिक सराव आवश्यक" या शेऱ्यात हा धोका आहे. बाईंचा मी दोष काढत नाही. एका वर्गातल्या तीस-चाळीस मुलांच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या म्हटल्यावर तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांमध्ये फिरतात. "अक्षर सुंदर आहे", "उपक्रमात सहभाग घेते", "सराव आवश्यक". नोंद भरली जाते, पण 4003 पाशी अडलेली मुलगी त्या नोंदीत कुठंच नसते.

बाबा : हा फोटो वार्षिकचा. पहिल्या सत्राचा पेपर घरी आला होता ना, ऑक्टोबरात?

आई : आला होता.

बाबा : काढ. … हे बघ, यात पण. 3004 वजा 1256. तशीच उलटी. आणि खाली सही कुणाची आहे?

आई : माझी.

बाबा : मग? सहा महिने ती हीच चूक करत होती. तू म्हणत होतीस, राहू द्या, येईल हळूहळू. हे हळूहळू येणारं नव्हतं गं. ऑक्टोबरात बघितलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं.

आई : खरंय.

बाबा : मी बसवत होतो, पण बघत नव्हतो. तू बसवतही नव्हतीस आणि बघतही नव्हतीस.

हे बाबांनी बोलून दाखवलं याचं मला बरं वाटलं. मुलांना त्यांच्या गतीनं शिकू द्यावं, हा विचार मला प्रिय आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते वाढवलं. 1985 मध्ये कोल्हापुरातच लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय काढलं. या माणसांनी मुलांना मोकळं ठेवलं, आणि त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्षही ठेवलं. मूल काय करतंय, कुठं थबकतंय, काय विचारतंय, हे ती टिपत होती. त्यातली मोकळीक तेवढी उचलायची आणि लक्ष ठेवण्याचे कष्ट सोडून द्यायचे, असं पुष्कळ सुशिक्षित घरांत होतं. मुलाला एकटं सोडणं आणि मोकळं सोडणं यांत फार अंतर आहे.

आई : पण एक आठवतंय का? फेब्रुवारीत पन्हाळ्याला गेलो होतो. तीन दरवाजापाशी बसून हिनं तुम्हाला सिद्दी जौहरचा वेढा सांगितला. महाराज कसे निसटले, घोडखिंडीत बाजीप्रभू कसे थांबले. इतिहासाच्या पुस्तकातलं, पण पुस्तकासारखं नाही. मध्येच विचारत होती, पावसात तोफा चालतात का म्हणून.

बाबा : आठवतंय की. तू विचारलंस, 1660 ला किती वर्षं झाली.

आई : आणि तिनं काय केलं?

बाबा : बोटं मोजली. 2000 पर्यंत 340 म्हणाली, आणि पुढची वरची मिळवली. बरोबर आलं.

आई : कागदावर मांडली असती तर 2000 मध्ये तीन शून्यं होती.

बाबा : …कागदावर चुकली असती.

आई : तोंडी नाही चुकली. कारण तिनं वजाबाकी केलीच नाही, पुढं मोजत गेली. मी काऊंटरवर सुटे देते तसंच. कुणी 372 भरायला 500 ची नोट दिली, तर मी मनात पाचशेतून तीनशे बहात्तर वजा करत नाही. आठ दिले की 380, वीस दिले की 400, वर शंभर. संख्या हिला कळतायत हो. एकाखाली एक मांडायची रीत तेवढी कळली नाही.

अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं त्यांनी पाहिली. भाव, वजन आणि परत द्यायचे पैसे यांचा अवघड हिशेब ही मुलं तोंडी करत होती, पण शाळेच्या पद्धतीनं कागदावर मांडलेली त्याहून सोपी गणितं त्यांना जमत नव्हती. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शाळेत जाणारी, कागदावरची गणितं करणारी मुलं बाजारातल्या हिशेबाशी अडखळत होती. दोन्ही गणितं एकाच डोक्यात राहतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. ती भेट घडवणं हे शाळेचं काम आहे, आणि जिथं शाळेला जमत नाही तिथं घराला करता येण्यासारखं आहे. त्यासाठी आईबाप गणितात हुशार असावे लागत नाहीत. भाजीच्या पिशवीशी, बसच्या तिकिटाशी, पन्हाळ्याच्या वेढ्याशी जे गणित मुलानं तोंडी केलं, ते घरी आल्यावर कागदावर मांडून बघायचं आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. वेगळी आली तर भांडण लावून द्यायचं, कुठलं खरं? हे मुलाला स्वतःला ठरवता येतं.

आई : तुमच्याकडे कास्टिंग रिजेक्ट झालं तर काय करता?

बाबा : कशानं झालं ते लिहितो. ब्लो होल आहे, का बोअर मोठा झालाय, का माप चुकलंय. ब्लो होल असला तर फाउंड्रीकडे जातं, बोअर मोठा असला तर मशीन शॉपकडे.

आई : नुसतं लिहून पाठवलंत की शंभरातले बावन्न चांगले, बाकीच्यांना अधिक सराव आवश्यक?

बाबा : मॅनेजर घरी पाठवेल मला.

आई : क-1 म्हणजे तेच आहे.

बाबा : हं. पण तरी आकडा लागतो. मोजल्याशिवाय सुधारत नाही काही. रिजेक्शन किती होतंय, हे कळल्याशिवाय कारण शोधायला कोण बसतंय? तू पेपर बघायला मागितलास तो तरी कशामुळं? क-1 बघून. अ-2 असता तर फोटो काढला असतास?

आई : नसता काढला.

बाबा : मग श्रेणीचा उपयोग झाला की.

झाला. बाबांचं हे म्हणणं मी मान्य करतो, आणि त्याला एक पुस्ती जोडतो. इस्राएलमध्ये रूथ बटलर यांनी 1988 मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना त्यांच्या कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं. गुण मिळालेल्यांचं सुधारलं नाही, आणि गुण व शेरा दोन्ही मिळालेल्यांचंही सुधारलं नाही. आकडा दिसला की मूल शेरा वाचत नाही, इतपत मला त्यातून कळतं. तेव्हा श्रेणी मोठ्या माणसांनी बघावी, तिचा इशारा घ्यावा, आणि मुलाशी बोलताना पेपर उघडावा. "क-1 का आला?" या प्रश्नाला दहा वर्षांच्या मुलीकडे उत्तर नसतं. "हे तीन आणि आठ बघ, इथं तू काय केलंस?" याला असतं. ती सांगते. आपण मधे न बोलता ऐकलं, तर बहुतेक वेळा सांगता सांगता तीच थांबते.

आई : म्हणून मी म्हणते, बॅच नको.

बाबा : त्याचा यात काय संबंध?

आई : बॅचमध्ये साठ पोरं. तिथं हिची 4003 ची गोष्ट कोण ऐकणार? 80 प्रश्न दोन तासांत, म्हणजे एकाला दीड मिनिट. तिथं वेग शिकवतात. जिचं पाऊलच चुकीचं पडतंय तिला वेगानं पळायला शिकवायचं?

बाबा : आणि नवोदय? एकदा गेलेली संधी परत नाही. सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, प्रयोगशाळा, सगळं सरकारचं. खेड्यातल्या पोरांसाठी निदान 75 टक्के जागा. माझ्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी चालत गेलो असतो कागलला. तुला ते ओझं वाटतंय, मला दार वाटतंय.

आई : दार आहेच. पण अकराव्या वर्षी घर सोडून जायचंय तिला. तिला विचारलंय का आपण?

बाबा : तिला काय कळतंय त्यातलं?

आई : पावसात तोफा चालतात का, हे विचारायचं कळतंय. वसतिगृह म्हणजे काय हेही कळेल, नीट सांगितलं तर.

बाबा : फॉर्म मी भरणार. परीक्षा देऊ दे. लागली तर बघू.

आई : लागल्यावर "बघू" होत नाही, "जा" होतं. हे आज मिटणार नाही. ठेवू बाजूला.

बाबा : ठेवू. पण पाढे मी सोडणार नाही.

आई : पाढ्यांना माझी ना नाहीच. बाराचा पाढा अडला की भागाकार अडतो, हे मीही बघितलंय.

बाबा : आणि पाठ करून घेणार म्हणजे विचारून घेणार. पुस्तक समोर ठेवून दहादा वाचायचे नाहीत.

इथं संशोधन बाबांच्या गुरुजींच्या बाजूनं आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन गटांना तेच उतारे दिले. एका गटानं ते पुन्हा पुन्हा वाचले, दुसऱ्यानं वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवण्याच्या कष्टानं लक्षात राहतं. वहीत रेघा मारून, रंगीत पेनानं अधोरेखित करून, धडा चारदा वाचून आपल्याला येतंय असं वाटतं, आणि ते वाटणं फसवं असतं. देवळातले गुरुजी "म्हण पाहू" म्हणायचे, ते योग्य होतं. चुकलं की पहिल्यापासून म्हणायला लावायचे, ते मात्र मी आज करणार नाही. बारा साते अडलं तर बारा साते आणि त्याच्या आजूबाजूचं घ्यावं. बारा एके बारा त्या मुलाला येतच असतं.

आई : मग मे महिन्याचं काय ठरलं?

बाबा : तू सांग.

आई : बॅच नाही. रोजचे दोन तास नाहीत. मामाकडून आली की कागदाच्या नोटा करू, हजाराच्या, शंभराच्या, दहाच्या आणि रुपयाच्या. तिला चार हजार तीन रुपये देऊ आणि 1578 मागू. दहाची नोट नाही, शंभराची नाही, मग ती हजाराची मोडायला येईल माझ्याकडे. दहा शंभराच्या घेईल, त्यातली एक मोडून दहा दहाच्या, त्यातली एक मोडून दहा रुपये. ती मोडामोडी झाली की तिथंच ते कागदावर लिहायला लावू. मग शून्याच्या डोक्यावर नऊ का येतं, ते तिला दिसेल.

बाबा : काऊंटरवर तू बस. कागदावरचं मी घेतो. आणि वाचन? मराठी अ-2 आहे म्हणून ते सोडायचं का?

आई : नाही. ती वाचते, पण गोष्टीच वाचते. सूचना, तक्ता, बसचं वेळापत्रक दिलं की कंटाळते. शाब्दिक उदाहरणं पण तशीच टाळते. पेपरात दोन कोरी सोडलीत. मला वाटतं ते गणित नाही, वाचन आहे.

बाबा : दुधाचं बिल तिला करू दे. किराणाची यादी पण.

आई : करू दे. चुकलं तर आपले दहा रुपये जातील.

बाबा : आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की बाईंना भेटायचं. नवीन बाई असतील पाचवीला. पालकसभेची वाट बघायची नाही.

आई : काय विचारायचं ते आत्ताच लिहून ठेवू. "आमची मुलगी कशी आहे?" असं विचारलं तर "छान आहे, थोडी बडबडते" असंच उत्तर येणार.

बाबा : लिही. एक, पाचवीचं गणित सुरू करायच्या आधी चौथीचं काय येतं, काय नाही, हे वर्गात बघणार आहात का, आणि कसं?

आई : ती कुठं अडली तर आम्हाला कधी कळेल? सत्र संपल्यावर, का त्याच आठवड्यात?

बाबा : तपासलेला पेपर घरी बघायला मिळेल का?

आई : घरी आम्ही काय करावं, आणि काय करू नये? तुम्ही एका रीतीनं शिकवता आणि हे दुसऱ्या रीतीनं सांगतात, मग पोरगी दोन्हींत गोंधळते. हे तुमच्यासाठी लिहितेय.

बाबा : लिही, लिही. आणि शेवटी लिही, 4003 ची गोष्ट आम्ही त्यांना सांगायची. त्यांना वर्गात आणखी चार पोरं तशी सापडतील.

आई : हे चांगलंय. हे वर घेते, पहिलंच.

बाबा : रविवारी सकाळी पाढे आणि पाच गणितं, एवढं माझ्याकडे. अर्धा तास.

आई : गुण लिहायचे नाहीत वहीत.

बाबा : मग कळणार कसं, सुधारतेय का?

आई : तुम्हीच सांगा.

बाबा : तारीख लिहीन. त्या तारखेला काय चुकलं, आणि ती म्हणाली ते. पुढच्या रविवारी तेच परत चुकलं का, ते बघीन.

आई : ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहा.